मोहाखालचा पाला

आलापल्लीकडच्या आमच्या गावात मोहाच्या झाडाखाली, गळलेली फुलं वेचता यावीत म्हणून पाला झाडून केलेलं स्वच्छ रिंगण दिसलं, की ते झाड कुणाचं तरी आहे हे कळतं. मग दुसरं कोणी तिथं टोपली घेऊन बसत नाही. आमच्या झाडाचं रिंगण माझी थोरली बहीण करायची. तिला मी बाई म्हणतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यात तिनं वेचून विकलेल्या फुलांचा वाटा मोठा आहे.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी बाईनं नेहमीसारखा पाला पेटवून जागा साफ केली, मोह वेचला, आणि काही दिवसांतच तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरला. ताप आला, बोटं सुजली.

"धूर लागला इले," माय म्हणाली. सगळ्यांना पटलं. विज्ञान शिकणाऱ्या मलाही.

पुढच्या वर्षी मायनं विस्तव बंद केला. "खराट्यानं झाड फक्त. काडी लावशीन त पाह्य मंग!"

पेटवलं असतं तर थोडक्यात आटपलं असतं. खराट्यानं पाला ओढून दूर टाकायला बाई दिवसचे दिवस रानात राहिली. चट्टा परत आला, आणि या वेळी पायही सुजले. आम्ही विस्तव बंद केला होता, ऊन नाही.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासण्या पाहिल्या. "शरीर स्वतःवरच उलटलंय. मूत्रपिंडाला झळ लागली आहे. गोळ्या सोडायच्या नाहीत आणि उन्हात जायचं नाही. नाहीतर मूत्रपिंड जाईल."

"उनात नाई जाऊ? मंग मोह काय घरात येऊन पडन?" बाई म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या. पण बाई हसली नाही.

मी भीत भीत विचारलं, "मॅडम, उन्हाचा काय संबंध?"

बाहेर रांग होती, तरी त्यांनी मला समजावलं. आपल्या शरीरात क्षणोक्षणी असंख्य पेशी मरतात. मरणारी पेशी स्वतःला आवरून घेते आणि 'मला उचला' अशी खूण बाहेर काढते. मग दुसऱ्या पेशी येऊन तिला गिळून टाकतात. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत हे उचलणं नीट होत नाही. पडून राहिलेली पेशी फुटते, तिच्या पोटातलं बाहेर सांडतं, आणि शरीराचे पहारेकरी त्यालाच शत्रू समजून उठतात. उन्हानं कातडीच्या पेशी जास्त मरतात. "कारणं आणखीही आहेत, पण हे मोठं," त्या म्हणाल्या.

पेशी एकीच्या दोन कशा होतात, ते मला तोंडपाठ होतं. त्या मरतात कशा, हे कुणी शिकवलं नव्हतं. परतीच्या एसटीत मी माझा तळहात बघत बसलो. या एवढ्याशा जागेत आत्ता किती पेशी मरत असतील, किती उचलल्या जात असतील. ना आवाज, ना वास, ना धूर. एवढी व्यवस्था घेऊन मी इतकी वर्षं हिंडत होतो आणि मला पत्ताच नव्हता. हात जोडावेत असं वाटलं, पण ते हातही त्याच व्यवस्थेचे.

"काय पाहून राह्यला रे? हात पाहाचं शिकवते काय कॉलेजात?" बाईनं टोमणा मारला.

मी तिला सगळं सांगितलं. पाल्याचंच उदाहरण दिलं: पान गळणारच, पण वेळेवर झाडलं नाही तर एका ठिणगीनं झाडच पेटतं.

ती म्हणाली, "म्हंजे माहे झाडनारे आळशी हायेत."

"थकले असतील, बाई."

"मंग उनात जाऊन त्यायच्यावर आनखी पाला काऊन टाकू मी?"

मायनं, मी, डॉक्टरबाईंनी सांगून जे झालं नसतं, ते तिनं स्वतःच ठरवलं होतं.

पुढच्या फाल्गुनात सूर्य पार बुडाल्यावर आम्ही दोघं खराटे घेऊन निघालो. गोळ्या चालू होत्या, पायांची सूज उतरली होती. उरल्या उजेडात बाई झाडाभोवती मागं मागं सरत झाडत होती, मी ढीग उचलून नेत होतो. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन माय गेली. बाई दारातल्या सावलीत बसून राहिली, आणि माय परतताच तिनं आधी टोपलीत हात घालून पाहिला.

"एक पान नाई आलं फुलाईत," माय म्हणाली.

"येईन कसं?" बाई म्हणाली.