कापसाच्या गंजीखाली गॉथिक

आमचा शेजारी इंद्रजित दिग्रसच्या एका कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवतो. वय बेचाळीस, चेहरा एकसष्टचा. लग्न झालेलं नाही, आणि त्याचं कारण आहे गॉथिक.

गॉथिक म्हणजे इंग्रजी-जर्मन भाषांच्या घराण्यातली जुनी चुलती. चौथ्या शतकात एका बिशपानं तिच्यासाठी अक्षरं बनवून धर्मग्रंथ उतरवला. त्याची काही पानं उरली, बोलणारे संपले. बारा वर्षं तो आमच्या ओट्यावर बसून हेच सांगतोय, त्यामुळे माझी बायको शीला भाजी निवडता निवडता अर्धी पंडित झाली आहे. सुरुवातीला गावात मीच उठवलं होतं, की पोरगा जर्मनीला चालला. दोन स्थळं धावत आली. दुसऱ्या मुलीच्या मामानं विचारलं, "ही भाषा किती लोकं बोलतेत?"

इंद्रजित प्रामाणिक. म्हणाला, "कोणीच नाही."

मामांनी अर्धे पोहे बशीतच ठेवले.

तर हा गडी त्या पानांतले शेतीचे शब्द शोधतो. पेरणी, कापणी, गुरं. मग त्यांची भावंडं जुन्या इंग्रजीत, जुन्या नॉर्समध्ये कशी बदलत गेली ते जुळवतो. एका शब्दाला एक चिठ्ठी, तिच्यावर कुठल्या पानात कुठल्या ओळीत सापडला त्याची नोंद. अशा अकराशे चिठ्ठ्या, हैदराबादेत शिकताना हातानं उतरवलेल्या. फोटो काढून ठेवायचे होते, ते राहून गेलं. त्याचं बरंच काही असंच राहून गेलंय.

यंदा विद्यापीठाचं पत्र आलं. एकतीस जानेवारीपर्यंत पीएच.डी.चा प्रबंध द्या, नाहीतर नाव कमी. प्रकरणं लॅपटॉपवर तयार होती, फक्त चिठ्ठ्यांवरून संदर्भ भरायचे होते. आणि चिठ्ठ्यांची पत्र्याची पेटी होती त्याच्या घरी मागच्या खोलीत, कापसाखाली.

झालं असं की दिवाळीनंतर इंद्रजित परीक्षेच्या ड्युटीवर महागावला होता. इकडे त्याच्या वडिलांनी, नानाजींनी, वेचलेला कापूस मागच्या खोलीत ओतला आणि छतापर्यंत तुडवून गच्च केला. खोली कोरडी म्हणून पोरानं पेटी तिथे ठेवलेली, खोली कोरडी म्हणूनच बापानं कापूस तिथे भरलेला. दोघांचंही बरोबर. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवणं काही नवीन नाही, पण नानाजींचा आणखी एक नेम आहे. गंजी घराबाहेर एकदाच काढायची, विकायच्या दिवशी. मधेच बाहेर गेली की बरकत जाते.

जानेवारीच्या वीस तारखेला इंद्रजित ओट्यावर येऊन बसला. "भाऊ, जाऊ द्या आता."

"काय जाऊ द्या?"

"सगळंच. मी थकलो."

"बापाले विचारलं?"

"विचारून काय होते?"

त्यानं विचारलंच नव्हतं. मला इतका राग आला की चेष्टा सुचेना. चहा तसाच ठेवला अन् नानाजींकडे गेलो. इंद्रजित पाय ओढत मागून आला.

"नानाजी, गंजी सरकवा लागते. पोराची पेटी दबली हाय."

"भाव येऊ दे. मंग निंघते."

"तवरीक तारीख जाते न बावा!"

नानाजींनी इंद्रजितकडे पाहिलं. "त्या तुह्या लोकाईत कापूस होता काय रे?"

"सापडलेल्या पानांत तरी नाही."

"कापूस नाही? मंग काय घालत होते?"

"लोकर."

"उन्हायात?" नानाजी मनापासून हळहळले. पण मान हललीच. "गंजी घराबाहेर जात नसते."

"बाहेर कायले? माह्या घरी टाकू," मी म्हटलं. "रोज सकाळचा चहा माह्याच घरी घेता, पेपर माह्याच घरी वाचता, शीलाले भाजीत मीठ कमी म्हणता. हे घर तुमचं नाही तर कोणाचं?"

 नानाजी उठले आणि खोलीचं कुलूप काढलं. "खाली सांडू नका."

तीन दिवस आम्ही कापूस वाहिला. साडीच्या गाठोड्यात बांधायचा आणि आमच्या बैठकीत ओतायचा. सोफा गेला, टीव्ही गेला. शीला हात खाजवत म्हणाली, "तुमच्या जिभेनं आज पहिल्यांदा घर भरलं." तिसऱ्या दुपारी पेटी लागली. झाकण दबलेलं, चिठ्ठ्या ठणठणीत. मला वाटलं, गडी नाचेल. त्यानं एक चिठ्ठी काढून वाचली, परत ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. "आता आठ दिवस हेच भरा लागते," एवढंच म्हणाला.

त्यानं भरलं. सकाळी कॉलेजचे तास, दुपारपासून चिठ्ठ्या. अंगावर कापसाच्या खाजेचे चट्टे, डोळे लाल. एकतीसला सकाळी अकराच्या सुमारास प्रबंध पाठवला. तासाभरानं उत्तर आलं, मिळाला. त्यानं मला ते दाखवलं, नानाजींना दाखवलं आणि घरात जाऊन आडवा झाला.

मी नानाजींसोबत त्यांच्या ओसरीत बसलो. "मंग?" ते हळूच म्हणाले. "आता काय होते?"

"आता तीन लोकं वाचतीन. पास केलं तर डॉक्टर."

"तीनच?"

"तीनच."

"बारा वर्सं," ते म्हणाले.

एक वाजता खाटेवर ठेवलेला इंद्रजितचा फोन वाजला. मी उचलला, कॉलेजचा होता. एक सर रजेवर गेलेत, त्यांचे दुपारचे दोन तास घ्यायला इंद्रजितला ताबडतोब पाठवा. तासिकेवरचा माणूस नाही म्हणत नाही, हे त्यांनाही माहीत. मी उठवायला निघालो. नानाजींनी माझा हात धरून बसवलं आणि फोन स्वतः कानाला लावला.

"तो नाही येत आज," ते म्हणाले. "झोपला हाय. उद्या पाहा."