आत्याचे धवले आणि आठ जीबी

दोन हजार आठचं साल असेल. मी पडघ्याच्या शाळेत शिकवत होते आणि जोडीने एम.ए.चा प्रबंध लिहीत होते. त्यासाठी लॅपटॉप घ्यायला भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या एका ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदार तिथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाई म्हणायचे. त्यांनी दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक जाडजूड, एक जीबी रॅम आणि एकशेसाठ जीबीची हार्डडिस्क असलेला. दुसरा वहीएवढा, पर्समध्ये मावणारा. त्यात रॅम पाचशेबारा एमबी आणि साठवायला सगळी मिळून आठ जीबी जागा. मला तो छोटाच आवडला.

भाईंनी समजावून पाहिलं. विंडोजच त्यातली निम्म्याहून जास्त जागा खाऊन बसतं, उरलेल्यात टायपिंगपुरतं भागेल, पण उद्या काही वेगळं करावंसं वाटलं तर हात बांधले जातील, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, मला फक्त लिहायचंय, आणि छोटाच घेतला.

आणि मग चार महिन्यांनी आत्याच्या गळ्यात गाठ निघाली.

माझी आत्या वडप्याजवळच्या आमच्या गावात धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं म्हणायचं, ते तिने. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. सगळे धवले तिला पाठ होते आणि फक्त तिलाच होते. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. आवाज राहील याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शनिवारी तिने मला फोन करून बोलावून घेतलं. एवढंच म्हणाली, "आवाज हाय तवर घेऊन ठेव गो."

रविवारी सकाळी नऊलाच मी पोचले. हायवेवरून गोडाऊनच्या ट्रकांचा आवाज येत होता म्हणून आम्ही मागच्या खोलीत बसलो आणि दार लावून घेतलं. मी लॅपटॉपला माइक जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं. आत्या डोळे मिटून गायला लागली. हळदीपासून लग्न लागेपर्यंत मध्ये थांबवलं तर पुन्हा सुरुवातीपासून गावं लागतं, असं तिने आधीच बजावलं होतं, म्हणून मीही थांबवलं नाही. अकरा वाजता लोडशेडिंगने लाइट गेली. पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर आला. आत्या गातच होती. लग्न लागण्याचा शेवटचा धवला संपला तेव्हा तिने हाताने खूण केली, पाणी दे.

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि सेव्ह केलं. पडद्यावर संदेश आला, जागा अपुरी आहे.

आधी मला कळेचना. आवाज तर आत आला होता, मग जागा कशाला हवी? मग लक्षात आलं, जे आत आलंय ते तात्पुरतं आहे. त्याची फाइल करायची तर जवळपास तेवढीच जागा पुन्हा लागणार आणि ती नाही. मी प्रबंधाची जुनी टिपणं उडवली. फरक पडला नाही, ती होतीच किती? पेनड्राइव्ह होता, तोही छोटा. एव्हाना सगळं इतकं मंद झालं होतं की बाण हलवला तरी तो दोन क्षणांनी हलायचा. बॅटरी एकतीस टक्के होती आणि लाइट तीनच्या आधी येणार नव्हती.

आत्याने विचारलं, "आला ना गो सगला?"

मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर ती लगेच पुन्हा गायला बसली असती आणि त्या गळ्याने ते झेपलं नसतं.

अंगणात जाऊन भाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, तो प्रोग्राम बंद मत करना," ते म्हणाले. "कशालाच हात लावू नका. मी येतो."

मी पडद्याचा उजेड कमी केला आणि नुसती बसून राहिले. सव्वीस. बावीस. आत्या भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं असावं. नाक्यावर ट्रक आडवा पडल्याने भाई अडकले होते, ते स्कूटरवरून पोचले तेव्हा चौदा टक्के उरले होते. त्यांनी पिशवीतून बाहेरची हार्डडिस्क काढून जोडली, फाइल तिच्यावर सेव्ह करायला घेतली, आणि पडदा पांढरा झाला.

"गेलं?" मी विचारलं.

"रॅम कमी आहे. त्याला वेळ द्या."

आम्ही तिघंही त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग प्रोग्रामची खिडकी परत दिसू लागली आणि हिरवी पट्टी रेंगाळत पुढे सरकायला लागली. फाइल पुरी झाली तेव्हा बॅटरी चार टक्के होती. भाईंनी ती नीट आली आहे ना हे पाहायला सुरुवातीचा तुकडा लावला. स्वतःचा आवाज ऐकून आत्याने पदर तोंडाला लावला.

पाठवणीचे धवले राहिले होते. तीन वाजता लाइट आली, पण आत्याचा घसा पार सुजला होता, शब्द फुटेना. उद्या गाईन, असं तिने खुणेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात दाखल करून घेतलं.

गाठ काढली, आत्या वाचली. आवाज गेला. उरली ती कुजबुज. दोन महिन्यांनी तिने मला पाठवणीचे शब्द कानाशी तोंड आणून एकेक ओळ सांगितले आणि मी कागदावर उतरवले. चाल सांगायचा तिने प्रयत्न केला, बोटांनी मांडीवर ठेका धरून, पण मला ती धरता आली नाही.

पुढच्या वर्षी माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात गावातली एक सून त्या रेकॉर्डिंगवरून शिकून धवले गायली. आत्या शेजारीच बसली होती, कुठे चुकलं की तिच्या हातावर टिचकी मारायची. पाठवणीला त्या सुनेने स्वतःच एक चाल लावली. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. चूक म्हणून की बरोबर म्हणून, ते मी विचारलं नाही.