रंध्यांची खोली

“तळघरात ओल आहे, आर्डिथ. किती वेळा सांगू?”

“मी ओलीबद्दल विचारलंच नाही. मी निजायचं कुठे, ते विचारलं.”

“तेच सांगतोय ना. रंधे तळघरात नेले तर महिनाभरात तांबूस होतील. तू लोखंडाची नाहीस, तुला काय होतंय?”

“गुरुवारनंतर थोडी होणारच आहे. डॉक्टर गुडघ्यात धातू बसवणार आहेत. मग तरी घेशील मला त्या खोलीत?”

व्हर्लिनने खरोखरच विचार केला. हातातला टोस्ट खाली ठेवून तो म्हणाला, “त्याला गंज चढत नाही. तो वेगळा धातू असतो.”

टेबलाच्या टोकाला बसलेली त्यांची मुलगी जॅनेल कॉफीचा घोट घशात अडकून खोकायला लागली. आईला इस्पितळात न्यायला म्हणून ती शनिवारी सकाळीच कोलंबसहून गाडी हाकत आली होती, आणि ती दारातून आत शिरली तेव्हापासून हेच चाललं होतं. भांडण सुरू झालं होतं अंड्यांवरून. पण गर्बर दांपत्याच्या घरात गेली काही वर्षं कुठलंही भांडण कुठूनही निघालं तरी शेवटी रंध्यांवर येऊन थांबायचं.

जिन्याखालून आत गेलं की मागच्या अंगाला ती खोली. बाजूला छोटं न्हाणीघर, पूर्वेकडे खिडकी, खिडकीबाहेर आर्डिथचे टोमॅटो. आधी ती जॅनेलची होती, जॅनेल लग्न होऊन गेल्यावर आर्डिथच्या शिवणयंत्राची झाली. मग एका उन्हाळ्यात व्हर्लिन कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून एक गंजका रंधा घेऊन आला. “खिडकीत ठेवतो, शोभेल,” म्हणाला. शिवणयंत्र कोपऱ्यात सरकलं, मग जिन्याखाली, मग चर्चला दान. आता त्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर रंधे, पटाश्या, गिरमिटं, वाकस, पाणसळ, घडीच्या पट्ट्या. एका कोपऱ्यात हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र अहोरात्र घुरघुरत असे. आर्डिथ वरच्या मजल्यावर उकाड्यात तळमळायची आणि खाली रंधे कोरड्या हवेत गाढ झोपायचे.

“वरची आपली खोली काय वाईट आहे त्यांना?” आर्डिथने विचारलं.

“पश्चिमेचं ऊन. शिसवी मुठींना तडे जातात.”

“मग मी ऑपरेशन करून आले की तो जिना चढायचा कसा?”

“चढायचा कशाला? एकदाच चढायचं आणि वरच राहायचं. मी जेवण आणून देईन.”

“तू!” आर्डिथ म्हणाली. पुढे काही म्हणायची गरज नव्हती. त्यांच्या सगळ्या संसारात व्हर्लिनने तिला एकदा वर कॉफी नेऊन दिली होती. ती थंड होती, आणि कप परत खाली आणायला आर्डिथच उठली होती.

“उद्या जुन्या हत्यारांचं मंडळ आपल्याकडे आहे,” व्हर्लिन उठत म्हणाला. “उद्यापर्यंत तरी हा विषय नको.”

आता हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की व्हर्लिन गर्बर मोठा कसबी सुतार असणार. व्हर्लिनने जन्मभर गावातल्या मुख्य रस्त्यावर जोड्यांचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की पायाचा नंबर तो न मोजता सांगायचा. दुकान बंद झालं, पाय यायचे थांबले, आणि ती नजर रिकामी पडली. मग ती रंध्यांवर जाऊन बसली. आता तो रंध्याची पुढची मूठ बघून सांगायचा: बुटकी आहे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. उंच आहे, म्हणजे नंतरचा. पात्यामागच्या लोखंडात पेटंटच्या तारखा किती ओतल्यात, स्क्रू पितळी आहे की निकेलचा, काळा लेप मूळचा आहे की कुणी शहाण्याने वरून फासलाय, सगळं त्याला लांबूनच दिसे. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी बदललेला एक स्क्रू त्याने भरबाजारात दहा पावलांवरून ओळखला होता. आपली बायको दोन महिने जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरते आहे, हे मात्र त्याच्या नजरेला पडलं नव्हतं. तिच्यावर तारीख ओतलेली नव्हती ना.

आणि सुतारकाम? त्याचं नावही काढू नका. या मंडळींचे तीन नियम. हत्यार घासून चकचकीत करायचं नाही, त्याला धार लावायची नाही, आणि ते वापरायचं तर अजिबातच नाही. मंडळातल्या एकाने मागे एक जुना रंधा तारेच्या ब्रशने लखलखीत घासून आणला होता. त्याच्याबद्दल अजूनही आवाज खाली घेऊन बोलत. तो चर्चचा ऑर्गन वाजवणारीला घेऊन पळाला असता तरी इतकं झालं नसतं. व्हर्लिनच्या सगळ्यात लाडक्या रंध्याच्या पात्याला शेवटच्या सुताराने लावलेली धार तशीच होती. म्हणून व्हर्लिन त्या धारेलाही जपायचा. ती ऐतिहासिक धार होती.

त्या खोलीतल्या न्हाणीघराचं दार उन्हाळ्यात फुगून चौकटीला घासायचं. खोलीची ओल यंत्राने शोषली तरी आतल्या शॉवरची ओल दार पीतच राहायचं. ते कडेने जरा तासून घे, असं आर्डिथ किती वर्षं म्हणत होती. घरात रंध्यांच्या रांगा लागल्या होत्या. दार अजून घासत होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर मंडळ आलं. सगळे साठीपुढचे, सगळ्यांच्या पँटी खांद्यावरच्या पट्ट्यांनी वर बांधलेल्या, आणि सगळ्यांच्या बायका हातात झाकलेली भांडी घेऊन. हॅमच्या खिम्याचा भाजलेला लोफ आला, मॅश केलेल्या बटाट्यांवर वाढायच्या शेवया आल्या, हिरव्या जेलीत गाजर घातलेलं ते सॅलडही आलं, जे दरवेळी येतं आणि दरवेळी तसंच परत जातं. आर्डिथ खुर्चीवर बसून पाय कापत होती, म्हणजे पाय नावाचा गोड पदार्थ. तिचा स्वतःचा पाय तिने स्टुलावर ठेवला होता.

जेवणं झाली आणि मागच्या खोलीत ‘ओळखा पाहू’चं टेबल मांडलं गेलं. हा त्यांचा सगळ्यात पवित्र विधी. ज्याला त्याला कुठेतरी काहीतरी सापडलेलं असतं, ते काय आहे हे ठाऊक नसतं. ते टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. सगळे खाली वाकून, चष्मे कपाळावर चढवून, लोखंडाच्या एका वाकड्या तुकड्याभोवती असे उभे राहतात की जणू बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतायत.

“पिंप करणाऱ्याचं आहे,” एक म्हणाला.

“छे, घोड्याच्या नालाचं.”

“डेलला विचारा. डेल कुठाय?”

डेल शॅंक म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. तो हात धुवायला न्हाणीघरात गेला होता. आतून त्याचा आवाज आला, “व्हर्लिन, दार उघडत नाही.”

“बाहेर ढकल.”

“ढकलतोय.”

सगळे दाराकडे वळले. एकाने मूठ धरली, आणि लगेच दुसऱ्याने त्याचा हात धरला. “अरे, ओढू नकोस! ही चिनी मातीची मूठ मूळची आहे.”

“बिजागऱ्या इकडच्या बाजूला आहेत. खिळी वर ठोकून काढल्या की झालं.”

“बिजागऱ्या बघितल्यास का पण? ओतीव आहेत. टोकाला कसा गोळा आहे बघ.”

“आतून पण नक्षी दिसतेय,” डेल आतून म्हणाला. त्याच्या आवाजात कुतूहल आलं होतं. “फटीतून कडा दिसतेय. व्हर्लिन, हे घर कधीचं?”

“चौकट आजोबांच्या वेळची.”

“मग हे दार नंतरचं नाही. थांबा, मी वाकून बघतो.”

तो वाकला असावा, कारण धडाम असा आवाज झाला आणि “काही झालं नाही” असं तो म्हणाला. बाहेर प्रश्न उभा राहिला खिळी ठोकायच्या कशाने याचा. हातोड्या होत्या की! भिंतभर होत्या. पण या हातोडीचं डोकं निकेलचं, त्या दुसरीची मूठ मूळची, ती तिसरी तर कधी खिळ्यालाच लागलेली नाही. स्क्रूड्रायव्हर होते, पण त्यांची टोकं मूळची. एवढ्या हत्यारांच्या मधोमध एक माणूस अडकला होता आणि बाहेर नऊ-दहा जाणते पुरुष खिशात हात घालून उभे होते. एकाने फोन करून सुताराला बोलवावं असंही सुचवलं. ते गंभीरपणे सुचवलं होतं.

आर्डिथ उठली. काठी टेकत स्वयंपाकघरात गेली, खणातून पिवळ्या प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि मांस ठोकायचा लाकडी मोगरा घेऊन आली. या घरात आजवर जे काही दुरुस्त झालं, ते याच दोघांनी झालं होतं. तिने खिळीखाली टोक लावलं, खालून मोगरा मारला, खीळ उडून खाली पडली. दुसरीही पडली.

“जॅनेल, दार धर. डेल, तू मागे हो आणि आता काही बघू नकोस.”

बिजागरीच्या बाजूने ओढल्यावर दार सुटलं. डेल लाल तोंडाने बाहेर आला आणि पहिल्यांदा खाली पडलेली खीळच उचलून उजेडात धरली.

आर्डिथने दार आडवं कडेवर उभं करवलं. “तुम्ही दोघं इकडून धरा, तुम्ही तिकडून.” मग ती फळीकडे गेली आणि हात लावला तो नेमका त्या लाडक्या रंध्यालाच. बुटकी मूठ, तीन तारखा, ऐतिहासिक धार.

“आर्डिथ,” व्हर्लिन म्हणाला. “तो नको. त्याच्या शेजारचा घे.”

“शेजारचाही म्हणशील नको.”

“शेजारचाही नको, पण हा तर नकोच.”

“गुरुवारनंतर मला इथून वॉकर घेऊन या न्हाणीघरात जायचंय,” ती म्हणाली, आणि रंधा दाराच्या कडेवर टेकवून ढकलला.

तिला काही येत नव्हतं. रंधा अडखळला, उडाला, लाकडाला एक ओरखडा पडला. खोलीतल्या सगळ्यांनी दातांवर दात दाबले. पण त्यातल्या एकाला, लॉइड नावाच्या बारीक म्हाताऱ्याला, ते सहन झालं नाही. “पातं जास्त बाहेर आलंय, बाई. ती पितळी चकती फिरवा. उलटी. थोडी अजून.” ती फिरवायला तो स्वतःच पुढे आला, आणि चकती फिरवून झाल्यावर रंधा परत द्यायच्या ऐवजी त्याने सहज म्हणून एकदा ओढून बघितला.

सुर्रर्र झालं. लाकडाची एक लांब, पातळ साल गुंडाळत वर आली आणि लॉइडच्या मनगटावर बसली. शंभर वर्षांपूर्वीच्या रंगाचा, देवदाराचा वास खोलीत सुटला.

मग डेल म्हणाला, “बघू.”

त्यानंतर जे झालं ते आर्डिथने खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवून बघितलं. ही माणसं आयुष्यभर रंधे विकत घेत होती, पुसत होती, तेल लावत होती, त्यांच्या तारखा सांगत होती. त्यांच्यातल्या एकानेही कधी रंधा चालवला नव्हता. आता रांग लागली. “माझी पाळी.” “तू दोनदा मारलास.” “अरे, मी तर नुसता शेवट सरळ करत होतो.” पायाशी सालींचा ढीग झाला. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. “यांना घरी जाळीचं दार दुरुस्त करायला सांगितलं की पाठ धरते,” लॉइडची बायको म्हणाली.

व्हर्लिन तेवढा दूर होता. हातात तेलाचा फडका धरून तो आपल्या रंध्याकडे बघत होता, जसा एखादा बाप सासरच्यांच्या गर्दीत मुलीकडे बघतो.

“तुझी पाळी, व्हर्लिन,” डेल म्हणाला. “तुझाच आहे.”

व्हर्लिनने तो हातात घेतला. आधी उलटा करून तळ बघितला, अंगठ्याने धार बघितली. मग दाराशी वाकून त्याने एकदा ढकलला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साल तुटली नाही. ती उचलून त्याने उजेडात धरली. पलीकडचे टोमॅटो तिच्यातून दिसले.

“चांगला चालतो,” तो म्हणाला. मग पात्यावर फुंकर मारून म्हणाला, “पण आता वापरलेला झाला.”

“मीही वापरलेलीच आहे,” आर्डिथ म्हणाली.

दार परत बसवलं तेव्हा कळलं की इतक्या हौशी हातांनी ते इतकं तासलं होतं की ते चौकटीला आता कुठे टेकतच नव्हतं. कडी लागेना. मध्ये बोट जाईल एवढी फट. डेलने ते उघडमीट करून बघितलं आणि लाजून टोपी घातली. आर्डिथने जॅनेलला वॉकर आणायला लावला, तो त्या दारातून नेऊन बघितला, आणि परत आणला. तो नीट मावला.

मंडळ गेलं. जेलीचं सॅलड तसंच परत गेलं. जॅनेल भांडी विसळत होती, व्हर्लिन मागच्या खोलीत फडक्याने रंधा पुसत होता, आणि कोपऱ्यात ते यंत्र घुरघुरत होतं. आर्डिथ काठी टेकत दारात आली आणि यंत्राचं बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं. जॅनेलने नळ बंद केला.

“ऐका दोघं,” आर्डिथ म्हणाली. “उद्या या फळ्या उतरवायच्या. रंधे वरच्या खोलीत जातील. उन्हाला पडदा लावा. माझा पलंग खिडकीशी येईल, डोकं टोमॅटोकडे. व्हर्लिन, तुला ज्याच्याजवळ निजायचं असेल त्याच्याजवळ नीज. मी खाली आहे.”