पहिला घास मामाचा

सूनबाई नातवासाठी खीर ढवळत होती. वेलदोड्याचा वास आला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी बहीण शोभा आणि तिचा नवरा तान्ह्या बाळाला घेऊन दोन महिने ऑस्ट्रेलियाला तिच्या दिराकडे गेले होते. उष्टावण परत आल्यावर करायचं ठरलं होतं. पहिला घास मामाचा, म्हणून मी सराफ बाजारात तासभर घासाघीस करून चांदीची वाटी आणली.

परतल्यावर ती बाळाला घेऊन नाशिकला माझ्याकडे आली. मी खिरीचा चमचा पुढे केला, तर बाळानं सराईतासारखा 'आ' केला.

"याला तर खायची सवय दिसतेय!"

शोभा चाचरली. "दादा, चिडू नकोस. तिकडे भुकेनं रडायचा. समुद्रावर भावजींनी केळं भरवलं."

"भावजींनी? मामा काय मेला होता?"

"तू इथे. त्यानं किती वाट बघायची?"

वडील गेल्यावर हातगाडीवर भाजी विकून मी हिला वाढवलं, उजवलं. बदल्यात हक्काचा एवढा एकच घास मागितला होता.

समुद्रावर केळं भरवतानाचा, तिनं तेव्हा दिलेला फोटो आज शोधून काढला. तेव्हा मला त्यात फक्त दिराचा हात दिसला होता. शेजारी शोभा वाळूत पाय पसरून खदखदून हसतेय. माझ्या घरात ती अशी कधी हसल्याचं मला आठवत नाही.