रुपलीच्या मरणासाठी राळेगावकडे

यवतमाळच्या स्टँडवर सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा कंडक्टरनं विचारलं, बाबा, राळेगावले काय काम काढलं? मी खरं तेच सांगितलं. माझ्या कादंबरीतली बाई मरते, तिच्यामागं लोक कसे रडतात ते ऐकायला चाललो. त्यानं तिकीट फाडलं आणि मागच्या सीटकडे निघून गेला.

मी चौथी शिकलेला माणूस. सारी उमर जिनात (सरकी काढायच्या कारखान्यात) कापूस तोलण्यात गेली. काम सुटल्यावर वाचनालयातल्या कादंबऱ्या आणून बायकोला, गिरजाला, वाचून दाखवू लागलो. दर दोन पानांनी मी म्हणायचो, हे खोटं आहे. एक दिवस ती कावली. म्हणाली, मग तुमीच लिहा ना खरी. घेतली लिहायला. जुन्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडणाऱ्या बंजारा तांड्याची गोष्ट, आणि त्यात रुपली नावाची देखणी बाई. बाराव्या प्रकरणात मी तिला मारलं आणि लिहिलं, ‘बायांनी हंबरडा फोडला.’ गिरजा हसली.

“साऱ्याच पुस्तकात हंबरडा फोडतेत. त्यायच्यात कशा रडतेत, तुमी कधी आयकलं?”

ऐकलं नव्हतं. राळेगावजवळच्या तांड्यावर जाऊन येतो म्हणालो आणि गेलो नाही. पौषात ती स्वतःच गेली. आता कार्तिक लागला होता आणि प्रकरण तसंच पडलेलं. ते नीट झाल्याबिगर पुढचं पान लिहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तिनं सांगितलेलं तेवढं एकच काम माझ्याजवळ शिल्लक होतं.

कळंबला गाडीचं चाक बसलं. तासभर तरी लागते, असं ड्रायव्हर म्हणाला, म्हणजे दोन तास. चिंतामणीच्या देवळात गेलो. हा गणपती जमिनीच्या पोटात बसलेला, त्याच्याकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. मागण्यासारखं काही नव्हतं, म्हणून देवाला उगाच तकलीफ दिली नाही. गार पायरीवर बसून घेतलं. वर येऊन दोन आलुबोंडे खाल्ले. बोंड्यापेक्षा सोबतची मिरची चांगली होती.

कळंबच्या पुढं दोन्ही अंगांनी नुसता कापूस. बाया ओट्या बांधून वेचणीला लागलेल्या, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. ते पाहण्याच्या नादात मी एक फाटा आधीच उतरलो. गाडी गेल्यावर कळलं. वर चपलेचा अंगठाही तुटला. चप्पल हातात घेऊन चाललो होतो, तर मागून एका शेतकऱ्याची दमणी (हलकी बैलगाडी) आली. त्यानं बसवून घेतलं आणि माझं काम ऐकून पहिलं तोंड वाकडं केलं.

“बंजाऱ्यायवर पुस्तक लिहून राह्यले, मंग आमच्यावर काहून नाही?”

तुमच्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं मी तोंडावरच विचारलं.

“माही बायको हाय ना. तिच्यावरच दोन पुस्तकं होतीन.”

तांडा येईस्तोवर पहिलं पुस्तक त्यानं मला सांगूनही टाकलं.

तांडा म्हणजे आता कायमची वस्ती. मीठ वाहणारे बैल यांच्या आजोबांसोबत गेले. आता हेही कापूस-तुरीवाले, घराघरापुढं कापसाचे ढीग. नायकानं (तांड्याच्या प्रमुखानं) बाजेवर बसवलं, काळा चहा दिला आणि कसं येणं केलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, “आमची रुपली मेली जी. तुमच्या बाया कशा रडतेत ते आयकाचं होतं.” कादंबरीचं पुढं सांगणारच होतो, पण तो उठलाच. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेताकडे तोंड करून त्याच्या बोलीत मोठी हाक घातली.

थोड्या वेळात सात-आठ बाया वेचणी टाकून आल्या. तोंडावरून ओढण्या ओढल्या आणि माझ्यापुढं बसल्या. मधोमध एक म्हातारी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिला सारे याडी (आई) म्हणत.

“भिया (भाऊ), रुपली कोनाची पोरगी?”

“कोनाचीच नाही. मीच केली. पुस्तकात.”

एकेक ओढणी वर गेली. नायक जमिनीकडे पाहू लागला. मग एक जवान बाई म्हणाली, कागदाच्या बाईसाठी आपण कापूस सोडून आलो, आणि सारा घोळका हसत सुटला. मला शरम वाटली, पण आलोच होतो, तर म्हणालो की थोडं रडून दाखवा.

याडीनं मान हलवली. “तसं नाही रडता येत. आमी रडतो म्हंजे मेलेलीशी बोलतो. ते काय खाये, कोनाशी भांडे, कोनतं काम अर्धं टाकून गेली, हे लागते. हाय तुह्या रुपलीजवळ?”

मी अकरा प्रकरणं मनात उलटीपालटी केली. रुपलीजवळ डोळे होते, कंबर होती, पैंजण होते. खाल्लं मात्र तिनं काहीच नव्हतं. मग जे जवळ होतं ते देत गेलो. तिला जवसाची चटणी लागे, भातावरसुद्धा. शेजारणीशी भांडे आणि संध्याकाळी तिलाच ताक नेऊन देई. एक गोधडी अर्धी शिवून ठेवली आहे. आणि वाचून दाखवताना झोप लागली, तरी झोपेत हुं म्हणे.

“मीठ लादनाऱ्या बाईले कोन वाचून दाखवे?” याडीनं विचारलं.

आता कोणी हसत नव्हतं.

“नाव काय तिचं?”

“गिरजा.”

“तू रडला?”

“मले नाही जमलं.”

तिनं ओढणी खाली ओढली. बाजूच्या बायांनी तिच्या खांद्यावर हात ठेवले आणि ती सुरू झाली. हंबरडा नव्हता तो. जात्यावर बसल्यासारखा हळू, फिरून फिरून येणारा सूर, आणि त्यात सरळ बोलणं. मला दोनच शब्द कळत होते, गिरजा आणि भेन (बहीण). बाकीचं नायक कानाशी सांगत होता. म्हणते, गिरजा भेन, गोधडीत सुई तशीच ठेवली. म्हणते, मानूस वाचून राह्यला, आता हुं कोन म्हनन?

मी किती वेळ रडलो ते नायकाला विचारा.

नंतर त्यांनी जेवू घातलं. बाटी (ज्वारीची भाकरी), वांग्याची तिखट भाजी, कच्चा कांदा. मी तीन बाट्या खाल्ल्या. बाया परत शेतात निघाल्या, तेव्हा ती जवान बाई जाता जाता म्हणाली, “बाबा, त्या रुपलीले मारा लागलं तर मारा, पन उपाशी नका मारू.” नायकानं चपलेला तार बांधून दिली आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत पोचवलं.

घरी आल्यावर बारावं प्रकरण उघडलं आणि फाडून टाकलं. रुपलीला मरण्याचा अजून हक्कच नव्हता. जिच्या जाण्यानं कोणाच्या जेवणाचीही चव बदलली नसती, तिच्यासाठी कोणाला रडायला लावणार? आता पहिल्या प्रकरणापासून पुन्हा लिहून राहिलो आहे. कंबर आणि पैंजण काढून टाकले. काल ती जावेशी तीन पानं भांडली. चूक कोणाची, ते मला अजून समजलं नाही.