पोवळ्याचा तुकडा आणि माझी सही

धुळ्यात एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे एक रीत होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना ओख्याच्या समुद्रावर न्यायचं, आणि प्रत्येकाने पाण्यात बुडी मारून पोवळ्याचा एक तुकडा स्वतः तोडून आणायचा. तुकडा नाही तर प्रात्यक्षिकाच्या वहीवर माझी सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही. जळगावच्या कॉलेजातल्या नमुन्यांच्या कपाटापेक्षा आपलं कपाट भरलेलं दिसलं पाहिजे, ही माझी खाज. दुसरं काही नाही.

पोरं विहिरीत सूर मारून तयार झालेली. दम तर असा, की तळाला गेलेली कळशी एका बुडीत वर आणतील. समुद्र मात्र एकानेही पाहिलेला नव्हता. होडीतून धपाधप उड्या मारायची, पोवळ्यावरच पाय रोवायची आणि छिन्नी-हातोडा चालवायची. हाताएवढ्या तुकड्यासाठी खाटेएवढं पोवळं पायाखाली मोडायचं. होडीवाला म्हातारा मोडक्या हिंदीत ओरडायचा, "पाँव मत रखो, साब!" मी त्याला गप्प बसवायचो.

त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याचा एक पोरगा होता. पाण्यात सगळ्यांत पटाईत. त्याच्या गावात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हा पास झाला की शाळेत मास्तरची नोकरी ठरलेली, आणि तिच्यावर घर डोळे लावून बसलेलं. मला हे सगळं ठाऊक होतं. तो खाली गेला, खूप वेळ राहिला आणि रिकाम्या हातांनी वर आला.

"सर, ते जित्तं शे. बठ्ठं जित्तं शे."

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. "मग काय, हळदकुंकू लावू त्याला? अति शहाणा त्याचा बैल रिकामा! जा, आण."

तो गेला नाही. अहो, ते जिवंत असतं हे प्राणिशास्त्राच्या मास्तराला माहीत नव्हतं होय? मीच तर शिकवलं होतं. राग आला तो त्याचाच. चारचौघांत पोरगं माझाच धडा मला शिकवत होतं.

धुळ्याला आल्यावर तुकडे गच्चीवर वाळत घातले. मेलेल्या मासळीसारखी घाण सुटली, शेजारपाजारचे भांडायला आले. त्याच आठवड्यात तो पोरगा वही घेऊन आला. मी ती उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, "पुढच्या वर्षी ये."

वर्षभर तो जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे गठ्ठे उचलत होता. पुढच्या हिवाळ्यात आला, वाळलेला, माझ्याच बरोबर ओख्याला. होडी थांबताच उडी मारली. वर आला तो दोन्ही हातांत मावेना एवढा पोवळ्याचा गड्डा घेऊन. बोटं फाटलेली. कपाटात तसा दुसरा नव्हता. मी तिथेच वही मागितली आणि होडीतच झोकात सही ठोकली. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"काय रे, आता कसं जमलं?" मी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं.

त्याने मिटल्या डोळ्यांवरून मनगट फिरवलं, ओली बोटं सदऱ्याला पुसली, वही जपून छातीशी धरली.

"डोया मिटीसन तोडं, सर."