डाव्या हाताचं वळण

सुलेखन शिकायचं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. नागपूरहून कलमं आणली, काळी शाई आणली, मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ साठवून ठेवले. मग एखाद्या रविवारी कंबर दुखेपर्यंत बसायची आणि पुढे कित्येक दिवस त्या कलमांकडे बघायचीसुद्धा नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका खासगी शाळेत मी शिकवते. शाळा, स्वयंपाक, परीक्षा, कारणं कायम तयार. शाई बाटलीतच घट्ट व्हायची.

माझ्या सासूबाईंना मी आई म्हणते. त्या गोंदियाकडच्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मी इथल्याच वारासिवनीची, सगळं शिक्षण हिंदीत. त्या मराठीत बोलायच्या, मी अर्ध्या हिंदीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं.

एका हिवाळ्यात आईंना लकवा झाला. गोंदियाच्या दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा बोलणं स्पष्ट होतं, हळूहळू चालायलाही लागल्या. उजव्या हातात मात्र जोर परत आला नाही. सासऱ्यांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनसाठी त्यांना घेऊन बँकेत गेले, तर बाबूंनी अगदी अदबीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. आईंनी अंगठा लावला. घरी आल्यावर हात धुता धुता म्हणाल्या, "मी काई अंगठाछाप बाई नाई. मले डाव्या हातानं लिवणं शिकायचं हाय."

बॉलपेन त्यांच्या डाव्या हातातून निसटायचं. माझं जाड बांबूचं कलम मात्र मुठीत बसलं. "हे दे मले," त्या म्हणाल्या, "आन् तू बी बस. दोघी शिकू."

कधी बसायचं हे त्यांनीच ठरवलं. सकाळी नळ येतो, पाणी भरून होतं, नळ जातो. नळ गेला की ओसरीत चटई पडायची. जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ हा आमचा कागद. कुकर लावायची वेळ झाली की उठायचं. मला वाटलं होतं, एवढ्याशा वेळात काय होणार! पहिल्या दिवशी आम्ही फक्त उभ्या रेघा काढल्या. मला गोडी लागली होती, मी म्हटलं, "आई, और थोडा करते हैं ना."

"नाई. आता पुरे."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

त्या हसल्या. "उद्या बसावंसं वाटलं पायजे म्हनून."

पुढचे कित्येक दिवस रेघाच. उभ्या, आडव्या, मग तिरप्या. मी अक्षरांवर उडी मारायला बघायची. त्या आपल्या रेघेतच. शाई फुटायची, कागद भिजायचा. एकदा रेघ सारखी वाकडी जाऊ लागली तेव्हा त्यांनी कलम भिंतीवर फेकलं आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "राहू दे आता." मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी नळ गेला आणि मी स्वयंपाकघरातून बघते तर आई एका हातानं चटई उलगडत होत्या. मी धावत जाऊन दुसरं टोक धरलं.

मला एक गंमत त्यांच्यामुळेच कळली. देवनागरीसाठी कलमाची धार एका विशिष्ट बाजूला तिरपी धरावी लागते. माझं उजवं मनगट त्यासाठी मुरडून दुखायचं. त्यांच्या डाव्या हातात कलम आपोआप तसंच तिरपं बसायचं. मी हे दाखवलं तेव्हा त्या हात उलटसुलट करून बघत राहिल्या. "म्हंजे हा हात याच्यासाठीच होता म्हन की!" त्या दिवशी त्यांचा 'ग' असा उतरला की मी तो कापून भिंतीला चिकटवला.

शाळेच्या परीक्षा आल्या आणि मी दोन-तीनदा दांडी मारली. त्या रागावल्या नाहीत, बोलावलंही नाही. एकट्या बसल्या. जाता जाता मी बघायची: पाठ थोडी वाकलेली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, आणि कागदावर सावकाश उतरणारी एक जाड काळी रेघ. तशा बाईला ओलांडून चपला घालणं मला जमेना. पेपर तपासायचे मी संध्याकाळवर टाकले.

'ळ' आला तेव्हा मात्र त्या गुरू झाल्या. हिंदीत वाढलेल्या माझ्या जिभेला तो येत नव्हता.

"केळं म्हन."

"केला."

"अवं, जीभ वर वळव. केळं!"

आमच्या हसण्यानं शेजारीण दारात आली. त्या सकाळी मी पानभर 'ळ' काढले आणि प्रत्येकाबरोबर तोंडानं म्हटले. मराठी माझ्या हातातून तोंडात आली, असं मी तेव्हापासून सांगते.

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा बँकेत गेलो. बाबूंनी पॅड काढला. आई म्हणाल्या, "पेन दीजिए." आता बॉलपेनही त्यांच्या बोटांत राहत होतं. सही व्हायला वेळ लागला, मागे रांग उभी होती.

बाबू कागद बघून म्हणाले, "अम्माजी, पुराना साइन तो मैच नहीं होगा."

"तो नया ले लो," आई म्हणाल्या.

नव्या नमुन्यासाठी पुन्हा सह्या कराव्या लागल्या. आईंनी त्या एवढ्या आवडीनं केल्या की बाबूंनी शेवटी स्वतःच "बस, हो गया" म्हणून कागद ओढून घेतला.

मला वाटलं, आता चटई गुंडाळली जाईल, काम तर झालं. मी तसं विचारलंही. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी जेवण बंद करायला सांगितलं. "आता कुठं अक्षर उभं राहून राह्यलं," त्या म्हणाल्या.

सध्या त्या तिरोडीला लेकीकडे गेल्या आहेत. पिशवीत औषधांच्या डब्याशेजारी कलम आणि शाईची बाटली मीच भरून दिली. काल फोनवर त्यांनी लेकीलाही चटईवर बसवल्याचं सांगितलं. इथे सकाळी नळ गेला की मी एकटी ओसरीत बसते. जोडाक्षरं चालू आहेत. 'क्ष' अजून नीट येत नाही. त्या आल्या की दाखवीन.